तास विकायचे की नग?

पत्र :

मॅडम, नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, चौदा माणसांची. अमेरिकेत ओहायोमधल्या एका ग्राहकाचं काम २०१६ पासून करतोय. त्यांच्या गोदामांतला माल, ऑर्डरी आणि पाठवणी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं, आम्हीच चालवतो. २०१९ मध्ये तासाला १० डॉलर मिळायचे, आता साडेअकरा मिळतात. तेव्हा माझ्याकडचा सरासरी पगार ३५ हजार होता, आज ७२ हजार आहे. तरीही गेल्या वर्षभरात पाच जण सोडून गेले. तिघे पुण्याला, दोघे इथंच घरी बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करतात. अक्षरशः हाताला धरून शिकवलेली पोरं. दर वाढवायचं म्हटलं की ग्राहक व्हिएतनामचं नाव काढतो. वडिलांचं उद्यमनगरात मशीन शॉप होतं. ते म्हणतात, ‘आमच्याकडं माणसं तीस-तीस वर्षं राहिली, तुझीच का जातात?’ मित्र म्हणतात, तीन वर्षांचा बाँड कर, मूळ सर्टिफिकेटं ठेवून घे. बायको म्हणते, बंद कर आणि मजला भाड्यानं दे. या पगारवाढीनं शेवटी भलं झालं कोणाचं? सोबत हिशेबाचा कागद जोडलाय. मी काय करू?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर :

नमस्कार. सर्टिफिकेटांचं आधी सांगते, नाहीतर बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही ते करून बसाल. कुणाचीही मूळ कागदपत्रं कपाटात ठेवू नका. तो त्या पोराच्या आयुष्याचा दस्तऐवज आहे, तारण नव्हे. आणि कोल्हापूर लहान आहे. आज एकाची अडकवलीत की आठ दिवसांत राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्यांना कळेल, पुढचं चांगलं माणूस तुमचा जिना चढणार नाही.

बाँडची गोष्ट थोडी वेगळी. खरोखर पैसे घालून शिकवलं असेल आणि रक्कम वाजवी असेल, तर मुदतीआधी सोडणाऱ्याकडे भरपाई मागता येते. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा असा बाँड मान्य केला आहे. पण ‘इथून गेल्यावर अमक्या कंपनीत जायचं नाही’ ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही. शिवाय बाँडचे महिने मोजत बसलेला माणूस ग्राहकाच्या कॉलवर कुठल्या आवाजात बोलतो, ते तुम्ही एकदा ऐकाच.

आता हिशेब. मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांच्या, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखानदारांच्या, फायली तपासण्यात. आकडे स्वतःच्या हाताने वहीत उतरवल्याशिवाय ते मला बोलत नाहीत. म्हणून तुमचा कागद रात्री जेवणं आवरल्यावर पुन्हा मांडला.

चौदांपैकी दहा जणांचे तास ग्राहकाला लागतात, महिन्याला माणशी १४०. २०१९ मध्ये डॉलर ७० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिन्याची जमा ९ लाख ८० हजार. पगार ४ लाख ९० हजार. भाडं, वीज, इंटरनेट, सीए वगैरे १ लाख ६० हजार. हातात राहायचे ३ लाख ३० हजार. आज डॉलर ८८ धरला, तर जमा १४ लाख १६ हजार ८००. पगार १० लाख ८ हजार. वरखर्च २ लाख ४० हजार. उरले १ लाख ६८ हजार ८००. रुपयातले पन्नास पैसे पगाराला जायचे, आता एकाहत्तर जातात. तुमची झोप का उडाली ते कळलं.

पण याच कागदात एक गोष्ट दडली आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. सहा वर्षांत तुमची जमा ४ लाख ३६ हजारांनी वाढली. डॉलर ७० वरच थांबला असता तर वाढ झाली असती फक्त १ लाख ४७ हजारांची. बाकीची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ रुपया घसरल्यामुळे आली. ग्राहकाने तुम्हाला दीड डॉलर वाढवून दिला, रुपयाने त्याच्या दुप्पट दिलं. तुम्हाला वाटत राहिलं की धंदा वाढतोय, आणि दराचं बोलणं दर वर्षी पुढे ढकललं गेलं. परदेशी ग्राहकाचं काम इथून करायच्या, म्हणजे ऑफशोअरच्या धंद्याला ही सवय १९९१ पासूनची आहे. त्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा डॉलर २१ वरून २६ च्या घरात गेला. तेव्हापासून बहुतेक वेळा पगार वाढले की रुपया थोडा खाली सरकतो आणि भोक बुजवतो. पण रुपया कधी आणि किती सरकेल हे तुमच्या हातात नाही. शिवाय तोच रुपया तुमचे लॅपटॉप आणि पोरांच्या गाडीचं पेट्रोल महाग करतो, मग तीच पोरं पगारवाढ मागायला येतात.

पगार एवढे का वाढले? तुमच्या पत्रात कुठेतरी सूर आहे की पोरं हावरट झाली. मला तसं वाटत नाही. २०२० नंतर जगभरच्या कंपन्यांना एकाच वेळी सगळं ऑनलाइन करायचं होतं आणि माणसं तेवढीच होती. २०२२ च्या एप्रिल ते जून तिमाहीत इन्फोसिसने स्वतः जाहीर केलेलं सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्के होतं. एवढी मोठी कंपनी चारातला एक माणूस धरून ठेवू शकली नाही, तिथे तुमचे पाच गेले यात तुमच्या वागण्याचा दोष शोधू नका. वडिलांनाही हे सांगा. त्यांच्या काळात उद्यमनगरातला चांगला टर्नर फार तर पुढच्या गल्लीत जायचा. आज कसबा बावड्यातल्या घरातल्या पोराला बेंगळुरूची कंपनी जागेवर बसून पगार देते. तुमचं कोल्हापूर आता पुण्या-बेंगळुरूच्याच बाजारात आहे, मधला घाट राहिला नाही.

दुसरं कारण जास्त टिकाऊ आहे. परदेशी कंपन्या आता मधल्या कंपनीकडे काम देण्याऐवजी भारतात स्वतःची कार्यालयं थाटतात. २०२४ च्या सुमारास देशात अशी १,७०० च्या आसपास केंद्रं होती आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास माणसं. तुम्ही पगार ठरवताना शेजारच्या कंपनीकडे बघता. ते त्यांच्या घरच्या पगाराकडे बघतात. अमेरिकेत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा मधला पगार २०२४ मध्ये वर्षाला १ लाख ३० हजार डॉलरच्या वर होता. त्या डोळ्यांना तुमच्या पोराला लाख-सव्वा लाख महिना देणं स्वस्तच दिसतं. त्यांच्याशी पगाराची चढाओढ करून तुम्ही जिंकणार नाही, त्या वाटेला जाऊच नका.

आणि पगार सगळ्यांचे वाढले, हेही पूर्ण खरं नाही. मोठ्या कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे, आजही साडेतीनच्या आसपासच मिळतात. मधल्या काळात कॉटबेसिसचं भाडं, मेस, एसटीचं तिकीट सगळं वाढलं. म्हणजे नवख्याचा पगार खरं तर घटला. भाव आहे तो तीन ते आठ वर्षं काम केलेल्याला, कारण तयार माणूस सगळ्यांना हवा आणि तयार करायचा मात्र दुसऱ्याने. तुम्ही तयार करता. तुमच्याकडे फुकट प्रशिक्षण केंद्र चालू आहे आणि त्याची फी बेंगळुरू खातं. हे मला मनापासून खटकतं. पण यावर उपाय पोराला बांधणं हा नाही, शिकवण्याची किंमत ग्राहकाकडून वसूल करणं हा आहे. त्याकडे येतेच.

त्याआधी तुमचा मधला प्रश्न, भलं कोणाचं झालं. आपल्या जिल्ह्यात पैसा तीन वाटांनी घरात येतो. उसाचं बिल हंगामात येतं आणि सोसायटीच्या कर्जात अर्धं वळतं होतं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यावर घरचं मीठ-मिरची चालते. आणि आता तिसरा, महिनाअखेरीला मोबाइलवर टिंग वाजवत येणारा पगार. घरी बसून बेंगळुरूचं काम करणारे तुमचे ते दोघे तुमच्या दृष्टीने गेले, पण त्यांचा पगार इथंच खर्च होतो, राजारामपुरीतल्या दुकानांत, पाचगावच्या फ्लॅटच्या हप्त्यात, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. माझा घरी येणारा सुतार पाच वर्षांपूर्वी दिवसाला जेवढं घ्यायचा त्याच्या जवळपास दुप्पट आज घेतो. त्याचा रंधा काही दुप्पट वेगाने चालत नाही. पण शेजारच्या बंगल्यात मोड्युलर किचन करायला तेवढं देणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून मलाही द्यावं लागतं. वरच्या पगाराचा ओघ असा खाली झिरपतो, आणि सुताराच्या घरात गेला याचा मला आनंदच आहे.

सगळ्यांचंच भलं झालं असं मात्र म्हणवत नाही. ज्याची उजळाईवाडी-उचगावला जमीन होती तो तरला. विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरांचा पगार तसाच राहिला आणि घरभाडं मात्र आयटीवाल्याच्या पगाराने ठरू लागलं. शिरोलीतल्या फाउंड्रीचा मालक कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, किलोवर विकतो, किलोचा दर वाहन कंपनी ठरवते. त्याच्याकडचा डिझाइन करणारा पोरगा पुण्याच्या इंजिनिअरिंग सेंटरने उचलला, तर त्याला दीडपट पगार देणं त्याला जमतच नाही. मोल्डिंगवर तर कधीपासूनच बिहार-ओडिशाची माणसं उभी आहेत. एका धंद्याचे पगार वाढले की शेजारच्या धंद्याचं माणूस ओढलं जातं, मग तो धंदा कितीही जुना आणि मानाचा असो.

या फाउंड्रीवाल्यांकडूनच तुम्हाला शिकण्यासारखं आहे. माझ्या टेबलवरून वर्षानुवर्षं दोन तऱ्हेच्या फायली गेल्या. एक, कच्चं कास्टिंग किलोवर देणारे. भंगाराचा, कोकचा, विजेचा दर वाढला की हे पाण्याबाहेरच्या माशासारखे. दुसरे, त्याच कास्टिंगवर मशिनिंग करून, तपासून, थेट जोडणीला बसेल असा नग देणारे. लोखंड तेच, भट्टी तीच. पण मजुरी वाढली तर दुसऱ्याला सोसायची, कारण पार्टी त्याच्याकडे वजनासाठी येत नव्हती. तुम्ही तास विकता. तास म्हणजे कच्चं कास्टिंग. तासाच्या भावात व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि तुम्ही एकाच तराजूत बसता. त्यात आता कोड लिहून देणारी एआयची साधनं आली. दहा तासांचं काम तुमचा पोरगा सहात करू लागला, तर तुमचंच बिल चार तासांनी घटणार. हुशारी वाढली म्हणून जमा कमी झाली, असा धंदा कोण करतो?

ओहायोच्या ग्राहकाची धमकी मला पोकळ वाटते. तिथल्या माणसाला त्याला तासाला याच्या कितीतरी पट द्यावे लागतात, विमा-सुट्ट्या वेगळ्या. साडेअकराचे तेरा झाले म्हणून तो नऊ वर्षांची घडी मोडणार नाही. कोणत्या गोदामात कुठला कोड का लिहिला, कुठल्या महिन्यात ऑर्डरी तुंबतात, हे तुमच्याकडच्या सहा डोक्यांत आहे. तो सोडेल तो महागाईपायी नव्हे, दर दोन महिन्यांनी कॉलवर नवा चेहरा दिसतो आणि जुनंच पुन्हा समजावून सांगावं लागतं त्याला कंटाळून. तुमच्या पोरांचं जाणं हाच तुमचा खरा वाढलेला दर आहे. नवा माणूस तयार व्हायला तीन महिने लागतात असं तुम्हीच त्या कागदात लिहिलंय. नव्याचा पगार ६० हजार धरला, तर तीन महिन्यांचे १ लाख ८० हजार, एकही तास बिलात न येता. पाच जणांचे झाले ९ लाख. ज्या सहा जणांवर सगळं उभं आहे त्यांना महिना आठ हजार वाढवले असते, तर वर्षाचे पावणेसहा लाख लागले असते.

म्हणून त्या सहा जणांना आधी वाढवा. तुमच्या आजच्या नफ्यातून महिना ४८ हजार जातील, टोचेल, पण ते नऊ लाखांच्या गळतीवर लावलेलं बूच आहे. ही वाढ पगाराच्या खात्यात जाऊ दे, स्लिपवर दिसू दे. दिवाळीला एकरकमी रोख देता असं तुम्ही कागदात लिहिलंय. त्यामागचा जिव्हाळा मला कळतो, पण बँकेत घराचं कर्ज मागायला आलेल्या पोराची मी तीच रक्कम कधी धरू शकले नाही. पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्म १६ वर नाही ते आमच्या लेखी नसायचंच. कितीतरी पोरांना मी ‘एक वर्ष थांब’ म्हणून परत पाठवलंय, आणि त्यांनी नोकरी बदलली ती या एका कागदासाठी. पीएफचंही तसंच. वीसपेक्षा कमी माणसं असली की सक्ती नाही, पण स्वेच्छेने नोंदणी करता येते. स्थळ घेऊन आलेले लोक चहा यायच्या आत विचारतात, कंपनी कुठली आणि पीएफ कटतो का. तुमच्या पोराला तिथं मान खाली घालावी लागली, तर तो पुढच्या महिन्यात पुण्यात वाकडला खोली शोधतो.

परवा रविवारी रात्री भाचीला पुण्याच्या गाडीत बसवायला कावळा नाक्यावर गेले होते. ट्रॅव्हल्सची रांग, प्रत्येकाच्या पाठीला लॅपटॉपची सॅक. एका पोराच्या हातात आईने दिलेली पिशवी होती. कांदा-लसूण चटणीची बरणी, झाकणाखाली प्लॅस्टिक घालून वर दोरा करकचून बांधलेला, तेल गळू नये म्हणून. वडील गाडीवरून उतरलेच नाहीत, हेल्मेटही काढलं नाही, फक्त म्हणाले, ‘पोचलास की मिस कॉल दे.’ बस हलली तरी ते तिथेच उभे होते. त्या बसमध्ये हजारो रुपये कमी घेऊन इथं राहायला तयार असलेली पोरं आहेत, भाचीच्या मैत्रिणींकडून मी हे ऐकते. पुण्यातलं भाडं आणि खाणं वजा केलं तर ९५ हजार आणि घरच्या जेवणावरचे ८० हजार यांत फारसा फरक उरत नाही. त्यांना भीती एवढीच असते की कोल्हापूरच्या छोट्या कंपनीत राहिलो तर शिकणं थांबेल आणि बायोडेटा तिथेच अडकेल. ती भीती काढणं तुमच्या हातात आहे. ग्राहकाशी त्यांना थेट बोलू द्या, कामाचा एकेक भाग नावानिशी त्यांच्यावर सोपवा.

बाजारही २०२२ सारखा तापलेला नाही. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३,२४९ ने कमी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये तिने आणखी सुमारे १२ हजार जणांची कपात जाहीर केली. हे सांगताना मला बरं वाटत नाही, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी हप्ता आहे. पण तुमच्याकडून गेलेल्या पाचांना फोन करायला ही वेळ योग्य आहे. राग धरू नका, फक्त विचारा कसं चाललंय. एखादा परत येईल. येताना बरंच शिकून आलेला असेल, आणि तुमचा एक रुपया त्यात गेलेला नसेल.

राहिला ग्राहक. सगळं एकदम पालटू नका. चालू सॉफ्टवेअरच्या देखभालीची महिन्याची ठोक रक्कम ठरवा, किती वेळात बिघाड दुरुस्त करणार ते लिहून द्या. नव्या कामाचा दर कामावर सांगा, तास दाखवू नका, तीस टक्के आगाऊ घ्या. पहिलं काम छोटं निवडा. आणि पुढच्या दोन वर्षांत दुसरी पार्टी उभी करा. एकाच पार्टीवर चालणाऱ्या युनिटला कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, वाढवून देताना आम्ही नेहमी दचकायचो, तुमच्या फायलीवरही मी तोच शेरा मारला असता. गोदामाचं काम तुम्हाला नऊ वर्षांचं पाठ आहे. शिरोली-कागलच्या कितीतरी फाउंड्र्या आजही रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा, हिशेब रजिस्टरात ठेवतात. पैसे डॉलरएवढे मिळणार नाहीत, पण तुमच्या नवख्या पोरांना शिकायला तो घरचा आखाडा आहे.

मजला भाड्याने देण्याचं वहिनींचं म्हणणं मी धुडकावत नाही. वर्षभर हे करून बघा, पुढच्या दिवाळीत हाच कागद पुन्हा मांडा. उरलेला आकडा तेव्हाही दोन लाखांच्या आतच असला, तर त्यांचंच ऐका.

ओहायोला मेल लिहायच्या आधी एक संध्याकाळ वडिलांजवळ बसा. मशीन शॉपमध्ये आधी ते मशीनच्या तासावर दर घेत असतील, मग कधीतरी नगावर आले असतील, कारण जिग, म्हणजे नग नेमका पकडून ठेवणारी जोडणी, बनवून काम निम्म्या वेळात व्हायला लागलं की तासाचा दर परवडत नाही. त्या वेळी पार्टीला काय सांगितलं, आणि मध्येच ड्रॉइंग बदललं तर नवा दर कसा लावला, हे त्यांना विचारा. ते सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या, मेलचा मजकूर त्यातच निघेल.